घारीचे डोळे, आपली गच्ची

२००५ साली गूगल अर्थ आलं आणि पृथ्वीवरचं वाटेल ते ठिकाण घरबसल्या आभाळातून बघायची सोय झाली. सहाराचं वाळवंट, ॲमेझॉनचं जंगल, इजिप्तचे पिरॅमिड, सगळं एका बोटावर आलं. मग लोकांनी सगळ्यात आधी काय पाहिलं? स्वतःचं घर. आधी पिरॅमिड पाहिले असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. संगणकाभोवती अख्खं कुटुंब गोळा व्हायचं, पडद्यावरची पृथ्वी गरकन फिरून जवळ यायची, भारत, महाराष्ट्र, गाव, पेठ, गल्ली करत शेवटी एक करडा चौकोन स्थिर व्हायचा आणि आजोबा जाहीर करायचे, “ही आपली गच्ची!”

त्यापुढची चर्चा घरोघरी सारखीच.

“टाकीचं झाकण उघडं दिसतंय.”

“आपल्या जागेत ही पांढरी गाडी कोणाची?”

“अगं, फोटो जुना आहे. शेजारच्यांनी अजून पत्रा टाकलेला नाही.”

“म्हणजे पत्रा नंतरचा! ते म्हणत होते मुळापासून आहे. याची प्रिंट काढून ठेव, सोसायटीच्या मीटिंगला लागेल.”

उपग्रह बनवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या कष्टांचं त्या क्षणी चीज व्हायचं.

हवाई छायाचित्रणाचा आजवरचा सगळा इतिहास मला असाच फिरून फिरून गच्चीवर येताना दिसतो. वर जाणारा प्रत्येक जण सांगताना सांगतो की जग बघायला चाललोय. वर पोचला की मान वाकडी करून आपलं छप्पर शोधतो.

सुरुवात झाली १८५८ साली, फ्रान्समध्ये. नादार या टोपणनावाने प्रसिद्ध असलेला पॅरिसचा छायाचित्रकार फुग्यात बसून वर गेला. त्या काळी फोटो काढायचे ते काचेच्या ओल्या प्लेटवर. प्लेट तिथल्या तिथे तयार करायची, ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायची. त्यामुळे नादारने फुग्याच्या टोपलीतच अंधारखोली थाटली होती. पण दर वेळी प्लेट काळी निघे. पुष्कळ पैसे हवेत विरल्यावर कारण सापडलं. फुग्याच्या तोंडातून सुटणारा गॅस प्लेटवरच्या रसायनाचा घात करत होता. मग त्याने गॅसची वाट बंद ठेवून उड्डाण केलं आणि फोटो आला. तोंड बंद ठेवलं की फोटो चांगला येतो हे तेव्हाच सिद्ध झालं. लग्नाच्या ग्रुप फोटोतल्या काकांना मात्र ते आजही दर वेळी नव्याने सांगावं लागतं. नादारच्या त्या पहिल्या फोटोत खेड्यातली दोनचार घरं होती. तो फोटो काळाच्या ओघात नाहीसा झाला. आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना हवाई फोटो १८६० सालचा. तो जेम्स वॉलेस ब्लॅक या अमेरिकन छायाचित्रकाराने फुग्यातून काढला. त्यात बॉस्टन शहर आहे, म्हणजे पुन्हा छपरंच.

फुगा फार खर्चिक म्हणून पुढे पतंगाला कॅमेरा बांधून झाला. त्याहून पुढची मजल मारली युलिउस नॉयब्रॉनर या जर्मन औषधविक्रेत्याने. त्याच्याकडे औषधं पोचवणारी कबुतरं होती. त्यातलं एक एकदा धुक्यात हरवलं आणि कित्येक आठवड्यांनी धडधाकट परत आलं. इतके दिवस हे होतं कुठे, असा प्रश्न मालकाला पडला. आपल्याकडे हा प्रश्न पडला की घरात भांडण होतं. नॉयब्रॉनरने त्याऐवजी कबुतराच्या छातीवर बांधायचा चिमुकला कॅमेरा तयार केला. कॅमेरा ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेई. १९०७ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा कबुतराला एवढं वजन झेपणार नाही असं सांगून सरकारी कार्यालयाने तो फेटाळला. त्याने कबुतराने काढलेले फोटोच पुरावा म्हणून जोडले आणि १९०८ मध्ये पेटंट मिळवलं. अशा एका फोटोत दोन्ही कडांना कबुतराचे पंख आले आहेत. आमच्या मामांच्या प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा येतो, त्यामागे एवढी मोठी परंपरा आहे.

पण मला त्या कबुतराचं कौतुक आहे ते वेगळ्याच कारणासाठी. ही जात घराची ओढ असलेली. लांब नेऊन सोडलं की ते सरळ खुराड्याकडे निघे आणि वाटेत जे येईल त्याचे फोटो निघत. म्हणजे जगातला पहिला उडता कॅमेरामनही वर गेल्यावर आपलं घरच गाठत होता. आजच्या ड्रोनला तर त्यासाठी बटणच दिलेलं असतं. दाबलं की ड्रोन जिथून उडाला तिथे परत. अभियंत्यांनी ते सुरक्षेसाठी दिलं असेल, पण त्यात मनुष्यस्वभावही पुरता उतरला आहे.

महाराष्ट्राला आभाळातून बघावं असं मात्र खरोखर आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर ओतले गेले. घाट चढताना ते कळत नाहीत, कारण तेव्हा समोर फक्त पुढच्याची पाठपिशवी असते. पावसाळ्यात वरून पाहिलं की हिरव्या उतारावर एकावर एक काळ्या पायऱ्या दिसतात आणि हे एवढे मोठे जिने कोणाच्या सोयीसाठी, असं वाटतं. लोणारचं तेच. काठावर उभं राहिलं तर तळं दिसतं, झाडं दिसतात, माकडं तर स्वतः जवळ येऊन दिसतात. उल्का आदळून झालेलं जवळपास पावणेदोन किलोमीटरचं ते गोल विवर एका नजरेत मावतं ते वरूनच. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं. खारटपणा वाढून मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले होते. मी तो फोटो पुतण्याला दाखवला, तर तो म्हणाला, “फिल्टर कुठला?” निसर्गाने एवढा खटाटोप केला आणि श्रेय मोबाइलला गेलं.

किल्ल्यांची गंमत आणखी निराळी. राजगड चढून जा. तुम्हाला दिसेल तुमचा घाम, पाली दरवाजा आणि वर टपरीवर मिळणारं ताक. गडाच्या तीन माच्या आणि मधोमध उभा बालेकिल्ला हा आकार ध्यानात येतो तो आभाळातून. ज्यांनी तो बांधला त्यांनी तो असा कधीच पाहिला नव्हता. त्यांनी खालून, अंदाजाने, डोंगराच्या सोंडेचं ऐकत तट घातला आणि साडेतीनशे वर्षांनी हेलिकॉप्टरमधल्या माणसाला रेषा बिनचूक सापडली. हवाई छायाचित्रकार गोपाळ बोधे यांनी या कामात आयुष्य घातलं. उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्री होण्याच्या कितीतरी आधी किल्ल्यांचे हवाई फोटो काढले आणि २०१० मध्ये ‘महाराष्ट्र देशा’ हे पुस्तक केलं. पुढे वारीवरचं ‘पहावा विठ्ठल’ आलं. रिंगण सुरू असताना आतल्या वारकऱ्याला समोरच्याची पाठ, धूळ आणि पळून गेलेल्या घोड्याचं शेपूट एवढंच दिसतं. माउलींचा घोडा किती मोठं वर्तुळ आखतो ते वर गेल्यावर कळतं. असा फोटो गावात पोचला की लोक काय करतात? बोट ठेवून शोधतात, “आपली दिंडी कुठाय?” रिंगणाचं सौंदर्य मागाहून. आधी आपला पटका.

आता तर ड्रोन स्वस्त झाले आणि हेलिकॉप्टरची गरज उरली नाही. त्यामुळे प्रत्येक गडाची एक रील असते आणि ती सारखीच असते. कड्याच्या टोकावर एक तरुण दोन्ही हात पसरून उभा. ड्रोन त्याच्यापासून हळूहळू मागे मागे जातो. मागे ढोल, वर तुतारी, खाली भगवी अक्षरं. सह्याद्री एवढा पसरलेला, पण चौकटीच्या बरोब्बर मध्यभागी कोण? आमच्या कॉलनीतला जिमवाला. शिवाय जे गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत तिथे परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही, हे पहारेकरी येऊन सांगतो तोवर हात पसरून झालेले असतात.

कायदा आणि ड्रोन यांचं नातं आपल्याकडे पहिल्यापासून मोठं लोभस आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सामान्य नागरिकांच्या ड्रोन उडवण्यावर बंदी घातली. रीतसर धोरण लागू झालं ते १ डिसेंबर २०१८ रोजी. मधल्या चार वर्षांत ड्रोन उडवायला मनाई होती आणि नेमक्या त्याच चार वर्षांत लग्नाच्या प्रत्येक लॉनवर ड्रोन घोंघावायला लागला. आता २०२१ चे सुटसुटीत नियम आहेत. देशाचा नकाशा हिरवा, पिवळा आणि लाल अशा तीन रंगांत वाटला आहे. हिरव्यात १२० मीटरपर्यंत विनापरवानगी उडा, पिवळ्यात विचारून उडा, लालमध्ये केंद्र सरकारची परवानगी आणा. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचा परवानाही लागत नाही. वजनाची हीच मर्यादा इतर देशांतही असल्यामुळे कंपन्या नेमके २४९ ग्रॅमचे ड्रोन बनवतात. एक ग्रॅम सरकारला सोडायचा आणि बाकीचं आभाळ आपलं.

लग्नातला ड्रोनवाला हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पूर्वी लग्नात अंतिम शब्द वरमाईचा असे. आता तो काळा टी-शर्ट घातलेल्या, गळ्यात रिमोट अडकवलेल्या बावीस वर्षांच्या मुलाचा असतो. “सर, एंट्री परत एकदा. गाडीत बसा, परत उतरा. काका, फ्रेममध्ये येताय तुम्ही.” हे काका म्हणजे मुलीचे वडील. त्यांनी हॉलचे पैसे दिलेले असतात, पण फ्रेमवर त्यांचा हक्क पोचत नाही. मुहूर्त पंचांगातून निघतो आणि बॅटरीपाशी येऊन अडतो. एक बॅटरी वीस-पंचवीस मिनिटं चालते आणि गुरुजींची मंगलाष्टकं आत्यांच्या हौसेखातर त्याहून लांबतात. शेवटच्या ‘सावधान’ला ड्रोन खाली येतो, पंख्यांच्या वाऱ्याने गुरुजींचं उपरणं उडतं आणि अक्षता वधूवरांवर पडण्याऐवजी वऱ्हाडाच्या पहिल्या रांगेवर परत येतात. मुलीचे वडील हळूच विचारतात, “हा मांडवाच्या आत कशाला आणला?” मुलगा सांगतो, “बाहेरून नुसतं मांडवाचं कापड येतं, काका.”

महिन्याभराने व्हिडिओ येतो. वरून पाहिलेली मराठी माणसं ही फेटे, गजरे आणि टकलं अशा तीन गटांत मोडतात. सगळे फेटे भाड्याचे, म्हणून एकाच रंगाचे. आलेल्या पाचशे पाहुण्यांत नवरदेवाची आई व्हिडिओ थांबवून थांबवून स्वतःला शोधते. “ती बघ मी. हिरवी पैठणी.” “आई, ती मावशी आहे.” “मग मी कुठे आहे?” त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत नवरीचं गृहप्रवेशाचं दृश्य निघून गेलेलं असतं.

शहरात ड्रोन हौसेसाठी येतो, खेड्यात मोजणीसाठी. आपल्या शेताची मोजणी इंग्रजांच्या काळापासून झालेली, पण गावठाणातल्या घरांचे धड नकाशेच नव्हते. तेव्हा गावठाणावर ड्रोन उडवून फोटोंतून नकाशा करायचा असं ठरलं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी त्याचा पथदर्शी प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी स्वामित्व योजना आली. ड्रोन उडण्याच्या आधी प्रत्येकाच्या मिळकतीची हद्द जमिनीवर चुन्याने आखतात. वरून तीच पांढरी रेघ दिसते, त्यावरून नकाशा होतो, चौकशी होते आणि हातात मालमत्ता पत्रक येतं. कागदावर हे फार सोपं आहे. पण तुम्ही चुन्याची फक्की घेऊन मराठी गावात दोन भावांच्या मधोमध उभे राहून पाहा.

“इथनं टाका चुना.”

“तिथनं कसा? आज्याच्या वक्तापासनं भिंत हितं हाय.”

“भिंत हाय, पर पागोळी आमच्यात पडती का न्हाई?”

“पागोळीचं इमान वायलं उडवा म्हणावं.”

भूमी अभिलेखचा कर्मचारी दोन्ही बाजूंना चहा पाजतो, सरपंच मध्यस्थी करतात, रेघ पडते. सकाळी बघावं तर ती वीतभर सरकलेली. ड्रोन वर जातो आणि थोड्याच वेळात अख्ख्या गावठाणाचे फोटो घेऊन उतरतो. त्याची नजर अशी की दोनचार सेंटिमीटरचा फरक टिपावा. पण ड्रोनला चुना दिसतो, रात्रीतून चुना कोणी हलवला ते दिसत नाही. त्यासाठी अजून तलाठी, तंटामुक्ती समिती आणि थोरली वहिनी यांनाच बोलवावं लागतं.

अशाच गावांत २०२४ च्या पावसाळ्यात वेगळीच धांदल उडाली. मराठवाड्यात रात्री आकाशात दिवे फिरताना दिसू लागले आणि चोर ड्रोनने घरं हेरतात अशी बोलवा उठली. लोक काठ्या घेऊन गस्त घालायला लागले. मला त्या काल्पनिक चोरांची दया येते. वरून त्यांना काय दिसणार? वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले दगड, एक जुना टायर आणि टॉर्चच्या उजेडात वर बघत उभं असलेलं सगळं गाव. तरी प्रत्येकाला खात्री होती की ड्रोन नेमका आपल्याच घरावर थांबला होता.

हा खेडवळपणा आहे असं कोणी शहरी वाचक म्हणेल, तर त्याने व्हॉयेजरची गोष्ट ऐकावी. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ यान गुरू आणि शनी पाहून सूर्यमालेबाहेर निघालं होतं. समोर अख्खं विश्व. तेव्हा कार्ल सेगन या शास्त्रज्ञाने आग्रह धरला की यानाला जरा मागे वळायला सांगा, घराचा एक फोटो घेऊ द्या. १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे सहाशे कोटी किलोमीटरवरून तो घेतला गेला. त्यात पृथ्वी एका पिक्सेलहूनही लहान आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या हद्दी, पागोळ्या आणि पार्किंगच्या जागांसकट. हा फोटो पाहून माणूस नम्र होतो असं म्हणतात. मी तो एका निवृत्त स्नेह्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “यात आशिया कुठल्या बाजूला येतो?”

ज्याच्याकडे यान नाही आणि ड्रोनही नाही, त्याच्यासाठी विमानाची खिडकी आहे. तिचे हल्ली वेगळे पैसे पडतात. ते भरून खिडकी घ्यावी तर बहुधा पंख समोर येतो. नाही आला तर काचेवर आधीच्या प्रवाशाच्या कपाळाचा तेलकट ठसा असतो. ही काच मुळात काच नसून ॲक्रिलिकचे थर असतात. मधल्या थराला हवेचा दाब सांभाळण्यासाठी बारीकसं भोक ठेवलेलं असतं. थंडीत त्याभोवती हिमकण जमतात आणि तुम्ही घेतलेल्या सह्याद्रीच्या फोटोत आकाशाच्या मधोमध एक सुंदर नक्षी येते. त्यातून काढलेले फोटो लोक ‘धुकं’ म्हणून खपवतात.

हे फोटो काढावेत की नाहीत यावरही आपण पुष्कळ डोकं चालवलं आहे. १९३७ च्या विमान नियमांत विमानातून फोटो काढायला परवानगी लागे. पुढे प्रवाशांना मुभा मिळाली, तरी २०२० साली एका विमानात कॅमेरेवाल्यांची झुंबड उडाली आणि एका दिवशी कडक आदेश निघाला. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की साध्यासुध्या प्रवाशांनी खुशाल फोटो काढावेत, गोंधळ तेवढा घालू नये. पुण्याचं विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे. तिथे उतरताना फोटो काढू नका अशी घोषणा होते. ही घोषणा ऐकून ज्यांना तोवर फोटोचं सुचलंही नव्हतं असे लोक खिशातून मोबाइल काढतात आणि हवाई सुंदरीला बघून परत ठेवतात. मुंबईत उतरताना निळ्या ताडपत्र्या, खाडी, मिठागरं एवढं सगळं खालून सरकत असतं, आणि माझ्या पुढच्या रांगेत हमखास एखादे गृहस्थ बायकोला कोपराने डिवचत असतात, “अगं बघ, बघ, ते मुलुंड! आपली बिल्डिंग! नाही... ती पलीकडची. थांब, गेली.”

खिडकीतून दिसणारं सगळ्यात देखणं दृश्य मात्र कोणाच्याही घराचं नसतं. सूर्य आपल्या मागे असला आणि समोर खाली ढगांची चादर असली, की ढगावर विमानाची सावली पडते आणि सावलीभोवती सप्तरंगी वलयं उमटतात. ढगातल्या अगदी बारीक थेंबांवरून प्रकाश उलट आपल्याकडे फिरल्यामुळे हे होतं. आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून ते पाहिल्याची नोंद १८३५ साली प्रसिद्ध केली. तेव्हापासून पावसाळी धुक्यात कित्येक जण तिथे पालथे पडून दरीत डोकावत असतात.

या वलयाचा एक गुण फार थोड्यांना ठाऊक असतो. ते कायम बघणाऱ्याच्याच सावलीभोवती असतं. कोकणकड्यावर दहा जण ओळीने उभे असले, तर प्रत्येकाला ते स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं, शेजारच्याच्या डोक्याभोवती नाही. विमान ढगाच्या जवळ असलं तर वलयाचा मध्य सावलीत नेमका तुमच्या आसनाच्या जागी येतो. तुम्ही शेपटीकडे बसला असाल तर शेपटीवर, पुढे बसला असाल तर नाकाशी. म्हणजे खिडकीशी बसलेला प्रत्येक प्रवासी स्वतःला विश्वाच्या मध्यभागी समजत असतो आणि भौतिकशास्त्र त्याला तसा फोटोही काढून देतं. विमान कंपन्यांना हे कुणी सांगू नये. खिडकीचे पैसे त्या घेतातच, उद्या तेजोवलयाचे वेगळे लावतील आणि आपण ते आनंदाने भरू.